जुना हुकूम नाकारता आला पाहिजे: जोडीने चालणाऱ्या सर्व्हरांमध्ये आज्ञांचा मेळ घालण्याची रीत

एका स्टोरेजवर हुकूम चालवण्यासाठी दोन सर्व्हर ठेवले आहेत असे समजा. पहिला काम करतो आणि दुसरा त्याच्याकडे कान देऊन बसलेला असतो. एका रात्री पहिल्या सर्व्हरची मेमरी भरते आणि तो बारा सेकंद जागच्या जागी गोठतो. दहा सेकंद काहीच ऐकू न आल्यामुळे दुसरा त्याला मेलेला समजतो, ताबा घेतो आणि लिहू लागतो. दोन सेकंदांनी पहिला शुद्धीवर येतो. मध्ये वेळ गेली याचा त्याला पत्ताच नसतो, त्यामुळे जिथे थांबला होता तिथून तो हातातला अर्धवट हुकूम पूर्ण करतो. एकही यंत्र बिघडलेले नाही, एकही तार तुटलेली नाही, दोन्ही प्रोग्राम आपापल्या समजुतीप्रमाणे बरोबर वागले आहेत, आणि तरीही डिस्कवरचा मजकूर आता दोघांपैकी कोणाच्याच हिशेबाशी जुळत नाही.

एकाच्या जागी दोन साधने ठेवली की काम थांबण्याचा धोका कमी होतो हे खरे. पण प्रत्येक वाढीव साधनाबरोबर हुकूम देऊ शकणारे एक तोंडही वाढते. त्या तोंडांचा मेळ कसा घालायचा याची रीत पुढे दिली आहे. एका वेळी एकानेच हुकूम द्यावा यासाठी शक्य ते सर्व करावे, पण तेवढ्यावर विसंबू नये. ज्या साधनाला हुकूम मिळतो, त्या साधनालाच जुन्या अधिकाऱ्याचा, म्हणजे ताबा गेलेल्या सर्व्हरचा, हुकूम ओळखून परत पाठवता आला पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका अटीपाशी येऊन थांबतात.

आधी हुकमांची यादी करा

कोणतेही सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी हे सर्व्हर मिळून इतर साधनांना नेमके कोणते हुकूम देतात, ते लिहून काढावे. व्हॉल्यूम जोडणे, नोंद बदलणे, मेल पाठवणे, व्हॉल्व्ह उघडणे, आयपी पत्ता दुसऱ्या यंत्राकडे वळवणे, असे जे काही असेल ते सगळे. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा: हा हुकूम दोनदा पोहोचला तर काय होईल? नेटवर्कवर उत्तर आले नाही म्हणजे हुकूम पोहोचला नाही, असे म्हणता येत नाही. हुकूम पोहोचून अमलातही आला असेल आणि केवळ त्याची पोच वाटेत हरवली असेल. पाठवणाऱ्याला या दोहोंतला फरक कळण्याचा मार्ग नसतो. तो हुकूम पुन्हा पाठवणार, आणि मधल्या काळात अधिकारी बदलला तर नवा अधिकारीही तोच हुकूम पुन्हा पाठवणार, हे धरूनच आखणी करावी लागते.

‘पातळी ४२ करा’ हा हुकूम लागोपाठ शंभर वेळा दिला तरी पातळी ४२ च राहते, पण ‘पातळी ५ ने वाढवा’ हा दुसऱ्यांदा पोहोचताच घोटाळा होतो. जिथे शक्य असेल तिथे दुसऱ्या प्रकारचा हुकूम पहिल्या प्रकारात बदलून घ्यावा. एचटीटीपी या वेबच्या संदेशनियमांच्या व्याख्येतही पुट आणि डिलीट या पद्धती पुन्हा पाठवण्याजोग्या मानल्या आहेत आणि पोस्ट तशी मानलेली नाही, ती याच भेदामुळे. मात्र पहिल्या प्रकारचे हुकूमही पूर्णपणे निर्धोक नसतात, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. ‘४२ करा’ नंतर ‘५० करा’ दिले, आणि वाटेत रेंगाळलेली पहिल्या हुकमाची जादा प्रत नंतर येऊन थडकली, तर पातळी पुन्हा ४२ वर जाते. पुनरावृत्ती चालते, उलटा क्रम चालत नाही.

ज्या हुकमांचे रूप बदलता येत नाही, त्यांना ओळखक्रमांक द्यावा. तो मूळ ग्राहक-प्रोग्रामने द्यावा, मधल्या सर्व्हरने नव्हे. कारण मधला सर्व्हर बदलला की तोच हुकूम नव्या क्रमांकाने पुन्हा निघेल आणि क्रमांकाचा उपयोगच संपेल. प्रत्येक ग्राहकाचा चढता अनुक्रम असला आणि त्याने एका वेळी एकच हुकूम वाटेत ठेवला, तर हुकूम अमलात आणणाऱ्याने त्या ग्राहकाचा शेवटचा क्रमांक आणि त्याला दिलेले उत्तर एवढे जपून ठेवले की पुरते. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम न करता जुने उत्तर द्यावे. हा तक्ता मुख्य सर्व्हरच्या मेमरीत ठेवू नये. तो मूळ माहितीबरोबरच सर्व प्रतींवर गेला पाहिजे, नाहीतर ताबा बदलताच तो नाहीसा होतो, आणि ताबा बदलण्याचा क्षण हाच तर पुनरावृत्तीचा क्षण असतो.

नोड किती आणि कुठे

नोड म्हणजे समूहातला एकेक सर्व्हर. निर्णय बहुमताने व्हावेत यामागचे कारण साधे आहे: एकाच समूहाची कोणतीही दोन बहुमते घेतली तरी त्यांत किमान एक सभासद सामाईक असतोच, त्यामुळे नेटवर्कचे दोन तुकडे झाले तरी दोन्ही तुकड्यांत एकाच वेळी बहुमत होऊ शकत नाही. तिघांमध्ये बहुमत दोघांचे, म्हणजे एक गेला तरी चालते. पाचांमध्ये तिघांचे, म्हणजे दोन गेले तरी चालते. चारांमध्ये बहुमत तिघांचे असल्यामुळे तिथेही एकच गेलेला चालतो, मग चौथ्याचा खर्च कशासाठी? म्हणून संख्या विषम ठेवतात. पाचांच्या पुढे सहसा जाऊ नये, कारण प्रत्येक हुकमासाठी तितक्या जास्त पोचपावत्यांची वाट पाहावी लागते.

दोन ही सर्वांत मोहात पाडणारी आणि सर्वांत अवघड संख्या आहे. दोघांमध्ये बहुमत म्हणजे दोघेही, त्यामुळे एक गेला की दुसऱ्याला एकट्याने काहीच ठरवता येत नाही. ठरवू दिले, तर मधली तार तुटल्यावर दोघेही स्वतःला मुख्य ठरवतात. यालाच स्प्लिट ब्रेन म्हणतात, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत याचा प्रत्यय तिथे तत्काळ येतो. समोरचा मेला आहे की केवळ हळू आहे, हे नेटवर्कवरून खात्रीने सांगता येत नाही. संदेश पोहोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल, तर एका नोडच्या संभाव्य मृत्यूमुळेही कोणतीही निश्चित पद्धत एकमताला पोहोचेलच अशी हमी देता येत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे टाइमआउट, म्हणजे समोरच्याला मेलेला धरण्याआधी वाट पाहण्याची मुदत, किती ठेवावा याचे निर्दोष उत्तर कोणाकडेच नसते. आपण फक्त चुकीची किंमत कुठे मोजायची ते निवडतो.

यंत्रे दोनच घेणे भाग असेल तर तिसरे मत कुठून तरी आणावे. कोरोसिंक या सर्व्हरांचा समूह (क्लस्टर) बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूडिव्हाइस नावाची सोय आहे: तिसऱ्या ठिकाणच्या एका लहानशा सर्व्हरवर केवळ मत देणारा प्रोग्राम चालतो, त्याच्याकडे माहितीची प्रत नसते. कोरोसिंकमध्ये दोन नोडांसाठी वेगळी सेटिंगही आहे, आणि ती लावली की सुरुवातीला दोघेही एकमेकांना दिसेपर्यंत थांबण्याचा नियम आपोआप लागू होतो. ही सेटिंग फेन्सिंगशिवाय, म्हणजे जुन्या अधिकाऱ्याला साधनापासून अडवण्याच्या पुढे सांगितलेल्या व्यवस्थेशिवाय, वापरणे मात्र केवळ दैवावर हवाला ठेवणे होय.

मते कुठे बसवली आहेत याकडेही पाहावे. पाच नोड दोन खोल्यांत तीन आणि दोन असे वाटले, तर तीनवाली खोली अंधारात गेली की उरलेले दोन नोड धडधाकट असूनही मुके होतात. दोन-दोन आणि तिसऱ्या जागी एक अशी वाटणी केली, तर कोणतीही एक जागा गेली तरी बहुमत उरते. तीन सर्व्हर एकाच स्विचला आणि एकाच वीजवाहिनीला जोडलेले असतील, तर कागदावर तीन असले तरी हिशेबात ते एकच.

मुख्य नोड निवडण्याचे काम स्वतः लिहू नका

हे काम दिसते तितके लहान नाही. ब्रायन ओकी आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८८ मध्ये यासाठीची व्ह्यूस्टॅम्प्ड रेप्लिकेशन ही पद्धत मांडली, लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सोस पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती समजायला फार कठीण जाते या तक्रारीतून डिएगो ऑंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांची राफ्ट २०१४ मध्ये पुढे आली. डेटाबेसमध्ये एक रकाना ठेवून ‘ज्याचे नाव त्यात असेल तो मुख्य’ असे चाळीस ओळींत उरकणारे पुष्कळ असतात. ते चालतेही, अडचणीचा पहिला दिवस येईपर्यंत. ईटीसीडी, झूकीपर किंवा कन्सल या, हे काम करणाऱ्या तयार सॉफ्टवेअरांपैकी जे आपल्या चमूला चालवता येईल ते बसवावे. कोणते निवडले यापेक्षा ते नीट समजून चालवले का, याला महत्त्व जास्त.

राफ्टमध्ये प्रत्येक निवडणुकीला चढता क्रमांक असतो. त्याला टर्म म्हणतात. आपण कारकीर्द म्हणू. एका कारकिर्दीत फार तर एकच मुख्य नोड असतो, आणि आपल्यापेक्षा मोठी कारकीर्द पाहिली की जुना मुख्य नोड मुकाट्याने पायउतार होतो. हा क्रमांक नीट लक्षात ठेवावा, कारण फेन्सिंगमध्ये त्याच्यासारखाच चढता क्रमांक आपले खरे हत्यार होणार आहे.

टाइमआउट ठरवताना अंदाज करू नये, मोजावे. ईटीसीडीमध्ये मुख्य नोड दर १०० मिलिसेकंदांनी हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असा संदेश, पाठवतो आणि १००० मिलिसेकंद तो ऐकू आला नाही तर निवडणूक होते. या मूळ किमती एकाच ठिकाणच्या नेटवर्कसाठी ठीक आहेत. नोड दूर असतील तर संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजून हार्टबीटचे अंतर साधारण तेवढे आणि निवडणुकीची मुदत त्याच्या किमान दसपट ठेवावी. मुदत फार कमी ठेवली तर जरा गर्दी झाली की खुर्ची बदलते, आणि दर बदलाला सगळे हुकूम काही क्षण अडतात. राफ्टमध्ये प्रत्येक नोडची मुदत थोडी वेगळी, यादृच्छिक ठेवतात. मूळ मांडणीत १५० ते ३०० मिलिसेकंदांचे उदाहरण आहे. सगळे एकदम उमेदवार होऊन मते फुटू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. निवडणुका वारंवार होत असतील तर नेटवर्कआधी डिस्क तपासावी. नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय नोड पोच देत नाही, त्यामुळे ज्या डिस्कवर बॅकअप किंवा इतर जड काम चालते तिच्यावर ईटीसीडी ठेवले की हार्टबीटही रेंगाळू लागतात आणि दोष मात्र स्विचवर येतो.

लीज आणि घड्याळ

अधिकार कायमचा न देता ठरावीक मुदतीसाठी देण्याला लीज म्हणतात. मुदत संपण्याआधी नूतनीकरण झाले नाही तर अधिकार आपोआप संपतो. लीज घेणाऱ्याने मुदत मोजायला सुरुवात विनंती पाठवल्याच्या क्षणापासून करावी, उत्तर मिळाल्यापासून नव्हे. नाहीतर वाटेत गेलेला वेळ त्याच्या हिशेबात जादा धरला जातो आणि देणाऱ्याच्या लेखी लीज संपल्यावरही तो स्वतःला मालक समजत राहतो.

मोजणी भिंतीवरच्या घड्याळाने करू नये. ते घड्याळ मागेपुढे सरकवले जाते. ३१ डिसेंबर २०१६ च्या लीप सेकंदाला, म्हणजे घड्याळात घातलेल्या जादा सेकंदाला, क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस (नावावरून पत्ता शोधणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळांमधला फरक ऋण आला आणि काही विनंत्या फसल्या, कारण वेळ कधी मागे जात नाही असे त्या प्रोग्रामने गृहीत धरले होते. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये केवळ पुढे जाणारे, मोनोटोनिक घड्याळ असते. कालावधी मोजायचा असेल तेव्हा तेच वापरावे.

एवढे करूनही एक फट उरते. ‘माझी लीज चालू आहे का’ हे तपासणे आणि हुकूम पाठवणे या दोन क्रियांमध्ये प्रोग्राम गोठू शकतो: मेमरीची साफसफाई, व्हर्च्युअल मशीन एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवणे, डिस्कवर अडकलेले वाचन. तपासणी झाली तेव्हा लीज होती, हुकूम निघाला तेव्हा ती नाही. ही फट पाठवणाऱ्याच्या बाजूने बुजवताच येत नाही, कितीही वेळा तपासले तरी.

फेन्सिंग: घेणाऱ्याच्या हातातला नकार

जुन्या अधिकाऱ्याचा हात साधनापर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था म्हणजे फेन्सिंग. तिचे दोन मार्ग आहेत. एकात जुन्या अधिकाऱ्याला पाडतात, दुसऱ्यात त्याचा हुकूम दारातच नाकारतात. मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, पण प्रत्येक साधन त्यासाठी तयार नसते, म्हणून पहिलाही नीट माहीत हवा.

पाडण्याच्या पद्धतीला क्लस्टरवाले लोक स्टोनिथ म्हणतात, आणि त्याचे इंग्रजी पूर्णरूप ‘दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’ अशा अर्थाचे आहे. ताबा घेऊ पाहणारा नोड आधी समोरच्याची वीज तोडतो, वीज तुटल्याची खात्री करून घेतो आणि मगच पुढे सरकतो. पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे मूळातच चालू असते. क्लस्टर लवकर उभा करण्याच्या घाईत ते ‘तात्पुरते’ बंद केले जाते आणि मग कोणी त्याकडे वळून पाहत नाही. आपल्याकडे तसे झाले आहे का, हे आजच पाहून घ्यावे. यातल्या तीन खाचखळग्यांची मी आवर्जून आठवण करून देईन.

सर्व्हरची वीज तोडण्यासाठी त्याच सर्व्हरमधले व्यवस्थापन-कार्ड वापरले, तर सर्व्हरची वीज खरोखर गेल्यावर ते कार्डही मरते, खात्री मिळत नाही, आणि निरोगी नोड अनंतकाळ वाट पाहत बसतो. म्हणून दुसरा पर्यायी मार्ग ठेवावा: वीज वाटणारा नियंत्रित पट्टा, किंवा स्टोरेजपाशी अडवणे. दुसरे असे की काही यंत्रे बटण दाबल्याचा संकेत मिळताच सभ्यपणे, सगळे प्रोग्राम आवरून बंद होऊ लागतात. इथे सभ्यपणा नको, वीज तत्काळ गेली पाहिजे. तसे होत नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमने त्या बटणाकडे लक्ष देऊ नये अशी सेटिंग करावी. तिसरा प्रकार दोन नोडांच्या क्लस्टरमध्ये दिसतो: तार तुटताच दोघेही एकाच क्षणी एकमेकांना पाडतात, दोघेही पुन्हा चालू होतात आणि पुन्हा पाडतात. एका नोडला पाडण्याआधी काही सेकंदांची सवलत दिली की ही लढाई सुटते.

नाकारण्याच्या पद्धतीत साधनच पहारा देते. सामाईक स्टोरेज असेल तर स्कझी-३ या स्टोरेजशी बोलण्याच्या मानकातले पर्सिस्टंट रिझर्व्हेशन वापरता येते. प्रत्येक नोड आपली किल्ली स्टोरेजकडे नोंदवतो आणि नोंदलेल्यांनाच लिहिता येईल असे आरक्षण घेतो. ताबा घेताना नवा नोड जुन्याची किल्ली काढून टाकतो. बारा सेकंदांनी शुद्धीवर आलेला जुना नोड लिहायला जातो तेव्हा त्याला स्टोरेजकडूनच नकार मिळतो. त्याला स्वतःला काही कळण्याची गरज उरत नाही, आणि हाच या पद्धतीचा मोठा गुण आहे.

डेटाबेस, फाइल-सेवा किंवा आपण स्वतः लिहिलेली सेवा असेल तर चढत्या क्रमांकाचा टोकन वापरावा. अधिकार देणारी यंत्रणा दर वेळी आधीपेक्षा मोठा क्रमांक देते. ईटीसीडीमध्ये कुलूप घेतानाची रिव्हिजन आणि झूकीपरमध्ये व्यवहाराचा झेडएक्सआयडी हे असेच चढते क्रमांक यासाठी उपयोगी पडतात. मुख्य नोड प्रत्येक हुकमाला हा क्रमांक जोडतो. साधन आजवर पाहिलेला सर्वांत मोठा क्रमांक डिस्कवर ठेवते आणि त्याहून लहान क्रमांकाचा हुकूम आला की तो परत पाठवते. समजा पहिल्याचा क्रमांक ३३ होता आणि दुसऱ्याला ३४ मिळाला. ३४ चा एक हुकूम पोहोचला की ३३ चे सर्व हुकूम, ते कितीही उशिरा येवोत, कोणत्याही वाटेने येवोत, कायमचे बाद होतात. यावरून एक पुढची सूचनाही निघते: नव्या मुख्य नोडने ताबा मिळताच, करण्यासारखे काही नसले तरी, प्रत्येक साधनाला एक रिकामा हुकूम पाठवून आपला क्रमांक दाखवून द्यावा, नाहीतर ज्या साधनाशी नवा अजून बोललाच नाही तिथे ३३ चे राज्य चालूच राहील.

क्रमांक पाहणे आणि हुकूम अमलात आणणे ही एकच अविभाज्य क्रिया असली पाहिजे. आधी वाचून, तुलना करून, मग वेगळ्या पायरीत लिहिले, तर लीजमधली फट आपण जशीच्या तशी साधनात आणून ठेवली असे होईल. डेटाबेसमध्ये क्रमांकाची अट त्याच अपडेट विधानात घालावी आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य आले तर आपला अधिकार गेलेला आहे. तिथे पुन्हा प्रयत्न करू नये, प्रोग्राम थांबवावा.

मोठ्या यंत्रणांमध्येही हीच युक्ती वेगवेगळ्या नावांनी आढळते. हडूप या माहिती साठवणाऱ्या यंत्रणेत फाइलींची यादी ठेवणाऱ्या नेमनोडांच्या जोडीत नोंदी सांभाळणारे जर्नलनोड लहान एपॉकचे, म्हणजे लहान कारकीर्द-क्रमांकाचे, लेखन स्वीकारत नाहीत. काफ्का या संदेश वाहणाऱ्या यंत्रणेत कंट्रोलरच्या, म्हणजे मुख्य नोडच्या, हुकमांवर एपॉक असतो आणि ब्रोकर, म्हणजे तिथला सर्व्हर, जुना एपॉक नाकारतो. नेटवर्क स्विचांच्या बाबतीत २०११ मध्ये आलेल्या ओपनफ्लो १.२ या स्विचांना हुकूम देण्याच्या मानकाने एका स्विचला अनेक कंट्रोलर (हुकूम देणारे प्रोग्राम) जोडण्यासाठी भूमिका ठरवल्या आणि भूमिका मागणाऱ्या संदेशात जनरेशन आयडी नावाचा चढता क्रमांक ठेवला. शिळ्या क्रमांकाने मास्टर होऊ पाहणाऱ्या कंट्रोलरला स्विच चूक-संदेश देतो. मास्टर कोण व्हावा हे स्विच ठरवत नाही, ते कंट्रोलरांनी आपसात ठरवायचे असते. निवड एकीकडे आणि नकार दुसरीकडे, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

व्हॉल्व्ह किंवा मेल-सेवेसारखी साधने क्रमांक समजत नाहीत. तिथे साधनापुढे एक लहान मध्यस्थ प्रोग्राम ठेवावा, साधनापर्यंतची वाट फक्त त्याच्यातूनच जाईल असे नेटवर्क बांधावे आणि क्रमांक त्याला तपासू द्यावा. मध्यस्थ एकटा असल्यामुळे तो पडला की ते साधन थांबते, हे खरे. काही साधनांच्या बाबतीत चुकीचे चालण्यापेक्षा थांबलेले बरे.

क्रम आणि नोंदवही

प्रती एकसारख्या राहाव्यात यासाठी सर्व हुकूम एकाच नोंदवहीत, एकाच क्रमाने लिहून प्रत्येक प्रतीने त्याच क्रमाने अमलात आणावे लागतात. नोंद बहुमताच्या डिस्कवर गेल्याशिवाय ग्राहकाला ‘झाले’ म्हणू नये. शिवाय हुकूम असा हवा की कोणत्याही प्रतीवर त्याचा परिणाम तोच होईल. ‘आताची वेळ लिहा’ किंवा ‘यादृच्छिक क्रमांक द्या’ असे हुकूम वहीत जाऊ नयेत. मुख्य नोडने वेळ किंवा क्रमांक आधी ठरवावा आणि ठरलेली किंमत वहीत लिहावी. वही वाढत जाते, म्हणून ठरावीक काळाने स्थितीची पूर्ण प्रत काढून जुनी पाने टाकावीत.

वाचनाकडे सहसा दुर्लक्ष होते. पायउतार झालेला पण ते न कळलेला मुख्य नोड जुनी माहिती आत्मविश्वासाने सांगतो. ईटीसीडी वाचनही मूळात बहुमताशी पडताळून देते. झूकीपरमध्ये मात्र कोणताही सर्व्हर आपल्याजवळचे उत्तर देतो, त्यामुळे ताजे हवे असेल तर आधी सिंक करावे लागते. ज्या वाचनावरून पुढचा हुकूम ठरणार आहे, ते वाचन पडताळलेलेच असावे.

राउटरची जोडी ही वेगळी गोष्ट

व्हीआरआरपी या राउटरांच्या जोडीसाठीच्या नियमसंचाने दोन राउटर एक आभासी पत्ता वाटून घेतात. मुख्य राउटर सहसा दर सेकंदाला २२४.०.०.१८ या पत्त्यावर जाहिरात पाठवतो. तीन जाहिराती आणि थोडा जादा काळ शांततेत गेला की दुसरा ताबा घेतो. अग्रक्रम १०० असेल तर ही मुदत सुमारे ३.६ सेकंद होते. यात बहुमत नाही आणि फेन्सिंगही नाही. जाहिराती हरवल्या तर दोघेही मुख्य होतात, आणि पाकिटे पुढे ढकलण्यापुरते ते बहुधा निभावते, कारण एखादे पाकीट दोनदा गेले किंवा हरवले तरी वरचे थर ते सावरून घेतात.

अडचण तेव्हा होते जेव्हा व्हीआरआरपी चालवणाऱ्या किपअलाइव्हडी या प्रोग्रामच्या ‘मुख्य झालो’ या सूचनेला एखादी स्क्रिप्ट जोडून तिच्याकडून डेटाबेसची बढती किंवा रात्रीचे हिशेबाचे काम करून घेतले जाते. पत्ता हलवण्यासाठी बनवलेल्या सोयीवर अधिकार ठरवण्याचे ओझे घालू नये.

ताबा परत देताना घाई नको

पहिला नोड बरा झाला की ताबा आपोआप त्याच्याकडे परत जावा, ही सेटिंग मी बंद ठेवतो. जो एकदा पडला तो पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याच्या डिस्कवर अशा नोंदी असू शकतात ज्या दुसऱ्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या नेटवर्कमध्ये देखभालीच्या वेळी जोडणी केवळ ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने डेटाबेसचे मुख्यत्व अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्याकडे नेले. पूर्वेकडे काही सेकंदांचे लेखन असे उरले होते जे पश्चिमेकडे गेलेले नव्हते, आणि पश्चिमेकडे नवे लेखन सुरू झाले होते. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. पुढे त्यांनी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात मुख्यत्व आपोआप जाऊ नये अशी सेटिंग केली. आपल्याकडेही कोणता बदल यंत्राने करायचा आणि कोणता माणसाला विचारून, ही रेघ आधीच आखून ठेवावी. मध्यरात्री ती नीट आखली जात नाही.

नियोजित देखभालीसाठी मुख्य नोडने नवे हुकूम घेणे थांबवावे, हातातले पूर्ण करावेत, अधिकार स्वतःहून सोडावा आणि मग बंद व्हावे. यात काही क्षण जातात, पण टाइमआउटची वाट पाहावी लागत नाही.

मुद्दाम मोडून पाहा

सर्व्हर बंद करून चाचणी घेणे ही सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत कमी शिकवणारी चाचणी आहे, कारण मेलेला नोड कोणालाही त्रास देत नाही. त्रास अर्धमेल्याचा असतो. मुख्य नोडवरच्या प्रोग्रामला लिनक्सचा सिगस्टॉप संकेत देऊन लीजच्या दुप्पट काळ गोठवावे आणि मग सिगकॉन्टने जागे करावे. सुरुवातीच्या परिच्छेदातला प्रसंग असा दोन आज्ञांत उभा करता येतो. यानंतर एकाच दिशेची वाहतूक आयपीटेबल्स या लिनक्सच्या गाळणीने अडवावी, म्हणजे एकाला दुसऱ्याचे ऐकू येते पण दुसऱ्याला पहिल्याचे नाही. फार थोड्या रचना यात पहिल्या खेपेला टिकतात. लिनक्सच्याच टीसी या आज्ञेतल्या नेटेम या सोयीने नेटवर्कचा उशीर वाढवावा, डिस्क भरावी, घड्याळ मागे न्यावे. प्रत्येक चाचणीत ग्राहकाच्या बाजूने क्रमांकित हुकूम सतत पाठवत राहावे आणि शेवटी मोजावे: ज्यांना ‘झाले’ असे उत्तर मिळाले ते सगळे साधनावर एकेकदाच दिसतात का.

साधनाने क्रमांकामुळे नाकारलेल्या हुकमांची मोजदाद कायम ठेवावी आणि देखरेखीच्या पडद्यावर ती दिसावी. गोठवून जागे करण्याच्या चाचणीत, अर्धवट हुकूम हातात असतानाच मुख्य नोड गोठला होता आणि नव्याने ताबाही घेतला होता, तरीही हा आकडा शून्यावरून हलला नाही, तर पहारा हुकमाच्या वाटेवर उभाच नाही असे समजावे, आणि हुकूम साधनापर्यंत कोणत्या दुसऱ्या वाटेने पोहोचतो आहे ते शोधून काढावे.